अ‍ॅपआधारित भाडोत्री वाहतूक : नियमनाचा इतिहास

भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपद्वारे प्रवासी व वाहनचालक यांची गाठ घालून देणारी, भाडे ठरविणारी व त्यातील काही हिस्सा आपल्याकडे राखणारी सेवा. ती चालविणाऱ्या संस्थेस कायद्याच्या परिभाषेत समुच्चयक व व्यवहारात अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. बहुधा वाहन तिच्या मालकीचे नसते व चालकही तिचा नोकर मानला जात नाही; तथापि भाडे किती, प्रवासी कोणत्या चालकाकडे पाठवावा व कोणास सेवेतून वगळावे, हे तीच ठरविते. अधिकार व जबाबदारी यांच्यातील ह्या तफावतीमुळे शासनाने तिचे नियमन करावे काय व कसे, हा प्रश्न उद्‌भवला.

पूर्वपीठिका : भाडोत्री वाहनांचे नियमन ही जुनीच गोष्ट आहे. लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांवर सतराव्या शतकातच निर्बंध आले. मुंबईत १८६३ च्या सार्वजनिक वाहनविषयक कायद्याने व त्यानंतर १९२० च्या कायद्याने ह्या वाहनांवर शासकीय नियंत्रण ठेवण्यात आले. १९११ मध्ये मुंबईत मोटार टॅक्सी आली. पुढे १९३९ व १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांनी परवाना, चालकाचा बिल्ला, वाहनाची तपासणी व भाडे यांची देशव्यापी चौकट घालून दिली. ह्या सर्व व्यवस्थेमागे चार हेतू आढळतात : चालकाची ओळख पटावी, भाडे आधी ठाऊक असावे, वाहनांची संख्या आटोक्यात राहावी आणि अपघात वा गुन्हा घडल्यास कोणी तरी उत्तरदायी असावे.

वसई-विरार : दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा यांच्या दरम्यान वसलेल्या ह्या नगरसमूहात वरील प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट दिसते. १९३६ मध्ये विद्युत्‌ लोकल विरारपर्यंत आली व नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ह्या स्थानकांभोवती वस्ती दाटत गेली. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि लगतची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात आला.

स्थानक ते घर हा येथील प्रवासाचा मुख्य टप्पा असून तो प्रामुख्याने शेअर रिक्षांवर अवलंबून आहे. कायद्याच्या दृष्टीने रिक्षा हे एका भाडेकरूसाठीचे कंत्राटी वाहन आहे. दर माणशी भाडे घेऊन वाटेत प्रवासी चढविणे व उतरविणे हे टप्पा वाहतुकीत मोडते. म्हणून शेअर मार्गांना परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते. लोकल चुकलेल्या, विमानतळ गाठावयाचा असलेल्या किंवा रुग्णास मुंबईस नेऊ पाहणाऱ्या प्रवाशास मात्र अ‍ॅपवरील मोटारच सोयीची ठरते. कारण खाडीपलीकडे जाण्यास वाहनांना घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाचा मोठा वळसा पडतो व असे लांबचे भाडे रिक्षास परवडत नाही.

भाडोत्री वाहनांना परवाने देण्याचा अधिकार महानगरपालिकेस नाही. तो राज्याच्या परिवहन यंत्रणेकडे आहे. वसईच्या परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेत एमएच-४८ हा होय. परिणामी रस्ते व त्यांवरील कोंडी महानगरपालिकेच्या वाट्याला येते, तर त्या रस्त्यांवर किती वाहने असावीत याचा निर्णय इतरत्र होतो.

संख्या व भाडे : १९८८ च्या कायद्यातील कलम ७४ नुसार पाच लाखांहून कमी वस्ती नसलेल्या शहरांत केंद्राच्या निर्देशावरून कंत्राटी वाहनांची संख्या मर्यादित करता येते. १९९७ मध्ये रिक्षा व टॅक्सी यांच्या नव्या परवान्यांवर घातलेली मर्यादा महाराष्ट्रात २०१७ मध्ये उठविण्यात आली. रिक्षा-टॅक्सींचे भाडे मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरविते. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडे रिक्षास २६ रुपये व काळ्यापिवळ्या टॅक्सीस ३१ रुपये करण्यात आले. रिक्षाचालक ह्या दराने बांधलेला असताना अ‍ॅपवरील भाडे मागणीनुसार क्षणोक्षणी बदलते, ही रिक्षाचालकांची मुख्य तक्रार होय.

कायद्याची वाटचाल : महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्ये अ‍ॅपआधारित टॅक्सींसाठी नियम केले, परंतु ते न्यायालयीन वादात सापडले. २०१९ च्या दुरुस्तीने समुच्चयकाची व्याख्या केंद्रीय कायद्यात आली व त्यास अनुज्ञप्ती आवश्यक ठरली. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समुच्चयकांना अनुज्ञप्तीसाठी अर्ज करण्यास मुदत घालून दिली. मे २०२५ मध्ये राज्याने समुच्चयक धोरण जाहीर केले. त्यानुसार मागणी वाढली तरी भाडे मूळ दराच्या दीडपटीहून अधिक नसावे, सवलत २५ टक्क्यांपुरतीच असावी व चालकास भाड्याचा किमान ८० टक्के भाग मिळावा, असे ठरले. जुलै २०२५ च्या केंद्रीय तत्त्वांत मात्र भाडेवाढीची मर्यादा दुप्पट ठेवण्यात आली.

अन्य देशांतही हाच प्रश्न निरनिराळ्या मार्गांनी हाताळला गेला. यूरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये अशी सेवा ही केवळ माहितीसेवा नसून वाहतूक सेवा असल्याचा निर्णय दिला. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये नव्या वाहनांची संख्या रोखली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगारांचे हक्क मान्य केले. भारतात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार समुच्चयकाने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम अशा कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावयाची आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

मूल्यमापन : नियमनाच्या विरोधकांच्या मते चालकाची ओळख, मार्गाची नोंद व भाड्याची पूर्वसूचना ही कामे अ‍ॅप स्वतःच करते, संख्येवरील मर्यादेने परवान्यांचा काळाबाजार वाढतो आणि प्रवाशाची निवड आकुंचते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु भाडे कसे ठरले व चालकास का वगळले, याचा हिशेब अ‍ॅप देत नाही. मध्यरात्री विरार स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या प्रवाशास दर नाकारण्याचे आणि मोटारीचे कर्ज फेडणाऱ्या चालकास अटी नाकारण्याचे स्वातंत्र्य नाममात्रच असते. यास्तव संख्येवरील नियंत्रण सैल करून भाड्याची कमाल मर्यादा, चालकाचा किमान वाटा, विमा व दाद मागण्याची सोय यांवर भर देणे अधिक न्याय्य ठरते. मात्र तोच न्याय शेअर रिक्षासही लागू झाला पाहिजे. एरव्ही एकाच रस्त्यावर एकाच कामासाठी दोन कायदे नांदत राहतील.