चित्र आणि ध्वनी यांची गाठ

मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट झळकला आणि आपल्या देशातील चित्रपटास वाचा फुटली, ही गोष्ट बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. ज्यांना याहून मागे जाण्याची हौस आहे ते अमेरिकेतील ‘द जॅझ सिंगर’ या १९२७ सालच्या चित्रपटाचे नाव घेतात व बोलपटाचा जन्म तेथे झाला असे सांगतात. हे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे मात्र खचित आहे. फळ हाती आले तो दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. रोप कोणी लावले व किती उन्हाळे त्याला पाणी घातले याची आठवण फार थोड्यांस असते. १९२७ पूर्वीच्या तीसबत्तीस वर्षांत चित्र आणि ध्वनी यांची गाठ घालण्यासाठी जे प्रयत्न झाले त्यांची हकीगत आम्ही येथे देत आहोत. त्यांपैकी बहुतेक प्रयत्न फसले. परंतु प्रत्येक प्रयत्न कोठे अडला हे पाहिल्यावाचून शेवटी मिळालेल्या यशाचा उलगडा होत नाही.

थॉमस एडिसन यांनी फोनोग्राफ तयार केला तो १८७७ साली. धावत्या घोड्यांच्या छायाचित्रांमुळे ख्याती पावलेले एडवर्ड मायब्रिज हे १८८८ च्या फेब्रुवारीत एडिसन यांना भेटले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एडिसन यांनी पेटंट कचेरीकडे एक निवेदन धाडले. फोनोग्राफ कानासाठी जे कार्य करतो तेच डोळ्यांसाठी करणारे यंत्र आपण तयार करीत आहोत, असा त्याचा आशय होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आधी मूकपट निघावा व पुढे केव्हातरी त्याला आवाज द्यावा, असा क्रम कोणी योजिलेला नव्हता. हलते चित्र एडिसन यांच्या मनात आले तेच मुळी ध्वनीचा जोडीदार म्हणून. ते पुढे सुमारे चाळीस वर्षे मुके राहिले याचे कारण इच्छेचा अभाव हे नव्हे. अडचणी तशाच होत्या.

एडिसन यांच्या या कामाचा भार मुख्यतः विल्यम केनेडी लॉरी डिक्सन या त्यांच्या सहाय्यकाने वाहिला. न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे काळ्या डांबरी कागदाने मढविलेले चित्रीकरणगृह होते. तेथे १८९४-९५ च्या सुमारास डिक्सन यांनी एक लहानसा प्रयोग केला. एका प्रचंड कर्ण्यासमोर ते स्वतः व्हायोलिन घेऊन उभे राहिले. शेजारी दोन पुरुष एकमेकांस धरून नाचू लागले. एक यंत्र चित्र टिपीत होते आणि कर्ण्याच्या टोकाचे दुसरे यंत्र मेणाच्या नळकांडीवर व्हायोलिनचे सूर कोरीत होते. अवघ्या १७ सेकंदांचा हा तुकडा. चित्र व ध्वनी एकाच वेळी टिपल्याचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पुरावा होय. त्या चित्राचे व त्या नळकांडीचे पुढे काय झाले ते लेखाच्या अखेरीस सांगू.

दोन यंत्रे एकदम चालू करणे सोपे; ती एका गतीने चालविणे कठीण. १८९५ साली एडिसन यांच्या कारखान्याने ‘किनेटोफोन’ या नावाची पेटी विक्रीस काढली. तीत एका भिंगातून चित्र पाहावयाचे व कानाला नळ्या लावून संगीत ऐकावयाचे. परंतु चित्र व संगीत यांचा परस्परांशी नेमका मेळ तीत नव्हता. नाच चालू असता मागे बँडचा सूर वाजावा, एवढेच. अशा सुमारे ४५ पेट्या तयार झाल्या व तो व्यवहार थांबला.

येथे आपण अडचणींचा हिशेब मांडू. पहिली अडचण मेळाची. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावर पडत. फिल्म तुटली की ऑपरेटर फाटलेला भाग कापून टाकी व टोके चिकटवी. अशी ८ चित्रे गेली तर अर्धा सेकंद नाहीसा झाला. परंतु नळकांडीवरचा किंवा तबकडीवरचा अर्धा सेकंद मात्र जागेवरच राहिला. अशी दोन-चार जोडकामे झाली म्हणजे गायिकेचे ओठ मिटत आणि गाणे चालूच राही. दुसरी अडचण आवाजाच्या लहानपणाची. कर्ण्यातून निघणारा आवाज दिवाणखान्याला पुरे. शेकडो माणसांच्या प्रेक्षागृहाला तो कोठून पुरणार? तिसरी अडचण अंतराची. चित्राचे यंत्र प्रेक्षकांच्या पाठीमागे, तर आवाज पडद्याजवळून यावयास हवा. मग ही दोन यंत्रे एकमेकांशी जोडावी कशी? शिवाय एका नळकांडीवर वा तबकडीवर काही मिनिटांपेक्षा अधिक मजकूर मावत नसे, ही चौथी अडचण.

पॅरिसच्या १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनात क्लेमाँ-मोरीस व आँरी लिओरे यांनी ‘फोनो-सिनेमा-थिएटर’ उभारले. तेथे सारा बर्नहार्ट या विख्यात नटीला हॅम्लेटच्या वेषात द्वंद्वयुद्ध करताना लोकांनी पाहिले. मेळ साधण्याचे काम हात करीत. ऑपरेटर आवाज ऐके आणि त्या अंदाजाने यंत्राचा दांडा हळू वा जलद फिरवी. आपल्याकडे तबलजी गवयाच्या तोंडाकडे पाहून लय सांभाळतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की गवई व तबलजी एकमेकांस सांभाळून घेतात. येथे गवई मेणात कोरलेला, तो कोणासाठी थांबणार?

त्याच शहरातील लेऑं गोमाँ यांनी या प्रश्नाचा अधिक कसून पाठपुरावा केला. १९०२ साली त्यांनी आपला ‘क्रोनोफोन’ तेथील छायाचित्रण संस्थेपुढे सादर केला. चित्रयंत्राची मोटर व तबकडीची मोटर त्यांनी विजेने अशी जोडली होती की दोन्ही एका वेगाने फिराव्यात. तरीही फरक पडलाच तर ऑपरेटरला चित्राची गती कमीअधिक करता यावी म्हणून एक नियंत्रक बसविला होता. त्याला नाव दिले होते ‘वाद्यवृंदाचा संचालक’. आवाज मोठा करण्यासाठी दाबलेल्या हवेचा उपयोग करण्यात आला. या यंत्रासाठी ॲलिस गी या दिग्दर्शिकेने शंभरांहून अधिक गीतचित्रे तयार केली. ती करण्याची रीत मोठी लक्षणीय आहे. कर्ण्यात तोंड घातल्याखेरीज आवाज नीट उमटत नसे आणि कर्णा चित्रात दिसून चालत नसे. म्हणून गाणे आधी मुद्रित करीत आणि मग ती तबकडी वाजवून गायकाला तिच्याबरहुकूम ओठ हलविण्यास सांगून चित्र घेत. आपल्याकडे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली रूढ केलेली पार्श्वगायनाची पद्धत हिच्याच जातीची. तिचे बीज तीस वर्षे आधी पॅरिसमध्ये पडलेले होते. जर्मनीत ऑस्कर मेस्टर यांनीही १९०३ पासून बर्लिनमध्ये अशीच गीतचित्रे दाखविली.

१९१३ साली एडिसन पुन्हा मैदानात उतरले. या वेळी फोनोग्राफ पडद्याजवळ ठेवून प्रेक्षागृहाच्या लांबीभर दोरीचा पट्टा कप्प्यांवरून नेला होता व त्याच्या योगे तो पाठीमागच्या चित्रयंत्राशी जोडला होता. मोठ्या नळकांडीवर सुमारे ६ मिनिटांचा मजकूर मावे. १७ फेब्रुवारी १९१३ रोजी न्यूयॉर्क येथे पहिला खेळ झाला तेव्हा लोक चकित झाले. पण ती दोरी सैल पडे, ताणली जाई. अननुभवी ऑपरेटरच्या हाती मेळ बिघडे आणि मग प्रेक्षक हसत, ओरडत. १९१४ च्या डिसेंबरात वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला मोठी आग लागली व लवकरच हा उद्योग कायमचा बंद पडला.

या सर्व खटाटोपांत एक विचार समान होता. यंत्रे दोन आहेत, ती अधिकाधिक घट्ट बांधावी. या विचाराच्या बाहेर पडून ज्यांनी पाहिले त्यांत युजीन लॉस्ट या फ्रेंच कारागिराचे नाव आदराने घेतले पाहिजे. ते पूर्वी एडिसन यांच्याच प्रयोगशाळेत कामाला होते. पुढे लंडनमध्ये राहत असता त्यांनी १९०६ साली एका निराळ्याच कल्पनेचे पेटंट मागितले. ध्वनीच्या कंपनांनी प्रकाशाची तिरीप हलवावी, ती तिरीप चित्राशेजारी त्याच फिल्मवर उमटवावी, आणि पुढे त्या रेषेतून जाणारा प्रकाश सेलेनियम या धातुसदृश द्रव्यावर पाडून त्यापासून पुन्हा ध्वनी मिळवावा. सेलेनियमची वीज वाहण्याची शक्ती प्रकाशाप्रमाणे कमीजास्त होते, हे या कल्पनेचे मर्म. आता फिल्म तुटली तरी चित्र व ध्वनी दोन्ही बरोबर तुटणार. मेळ बिघडण्यास जागाच राहिली नाही! परंतु मिळणारा आवाज इतका क्षीण होता की टेलिफोनच्या श्रवणिकेपलीकडे तो जाईना. त्याला मोठा करणारे साधन लॉस्ट यांच्याजवळ नव्हते. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि भांडवलाची आशाही मावळली. लॉस्ट १९३५ साली वारले. जगभर बोलपट चालू झालेले त्यांनी पाहिले, पण त्यांवर त्यांचे नाव नव्हते.

जे साधन लॉस्ट यांना हवे होते ते काचेच्या एका नळीत होते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ‘ऑडिऑन’ ही निर्वात नळी सिद्ध केली. विजेचा क्षीण स्पंद प्रबळ करण्याची तिची शक्ती पुढील काही वर्षांत ध्यानी आली. मग गती आली. हान्स फोग्ट, यो एंगल व जोसेफ मासोले या तिघा जर्मनांनी १७ सप्टेंबर १९२२ रोजी बर्लिनच्या अल्हाम्ब्रा चित्रपटगृहात फिल्मवर मुद्रित केलेला ध्वनी ऐकविला. डी फॉरेस्ट यांनी १५ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली येथे आपले ‘फोनोफिल्म’ दाखविले. त्यात थिओडोर केस यांच्या संशोधनाचा मोठा वाटा होता आणि श्रेयावरून पुढे दोघांत बेबनावही झाला.

आणि तरीही लोकांसमोर पहिली बाजी मारली ती तबकडीनेच! वॉर्नर बंधूंचा ‘डॉन जुआन’ ६ ऑगस्ट १९२६ रोजी व ‘द जॅझ सिंगर’ ६ ऑक्टोबर १९२७ रोजी आला, तो ‘व्हिटाफोन’ पद्धतीने. १६ इंच व्यासाची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे करी व १००० फुटी रिळाला पुरेल असा ११ मिनिटांचा ध्वनी तीवर मावे. तबकडीचे यंत्र चित्रयंत्राच्याच मोटरवर बसविले होते आणि आवाज तारेने पडद्यामागील ध्वनिक्षेपकाकडे जाई. त्यामुळे अंतराची अडचण मिटली. पण फिल्म तुटण्याचे जुने दुखणे कायम होते. जितकी चित्रे गेली तितकीच काळी फिल्म मध्ये जोडावी लागे. आणि तबकडी सुमारे २० वेळा वाजविली की बदलावी लागे. १९३० नंतर थोड्याच काळात हॉलीवूडने तबकडी सोडली व फिल्मवरील ध्वनी सर्वत्र रूढ झाला. लॉस्ट यांचा विचार बरोबर होता, हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झाले.

आपल्याकडे आर्देशिर इराणी यांनी ‘आलम आरा’ घेतला तो या विजयी पद्धतीने. चित्र व ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटत. स्टुडिओजवळून आगगाड्या जात असल्यामुळे बरेचसे काम रात्री करावे लागले. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला आणि मराठी बोलपट सुरू झाला. त्यातील ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. पश्चिमेकडे तीस वर्षे चाललेला झगडा आटोपल्यावर हे साधन आपल्या हाती आले. म्हणूनच कोल्हापुरातील कारागिरांना ते एवढ्या अल्पावधीत आत्मसात करता आले.

आता डिक्सन यांच्या नळकांडीकडे वळू. चित्र एकीकडे राहिले, नळकांडी दुसरीकडे. चित्र मूकपट म्हणूनच लोक पाहत आले. वेस्ट ऑरेंजच्या संग्रहात एक फुटकी नळकांडी पडून होती. ती डिक्सन यांच्या व्हायोलिनची असल्याची नोंद तिच्या नावे होती, म्हणूनच ती ओळखता आली. १९९८ साली ती सांधून तिच्यातील ध्वनी उतरवून घेण्यात आला आणि २००० साली चित्रसंकलक वॉल्टर मर्च यांनी संगणकाच्या साहाय्याने व्हायोलिनच्या गजाची हालचाल व सूर यांचा मेळ बसविला. शंभरांहून अधिक वर्षांनी त्या १७ सेकंदांना वाचा आली. त्यात व्हायोलिन सुरू होण्यापूर्वी एक माणूस बाकीच्यांना तयार आहात काय असे विचारतो, तोही ऐकू येतो. इकडे ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, काही छायाचित्रे तेवढी उरली आहेत. बोलू लागलेला आपला पहिला चित्रपट आपल्या हातून पुन्हा मुका झाला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे आम्हांस या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडीलधाऱ्यांची छायाचित्रे, जुन्या तबकड्या, आजी-आजोबांच्या आवाजाच्या फिती असतील. छायाचित्र कपाटात असते, त्यातील माणसांची नावे मात्र एखाद्या वृद्धाच्या स्मरणात असतात. तो वृद्ध गेला की चित्र मुके होते. तेव्हा छायाचित्राच्या पाठीमागे नावे व साल लिहावे, फितीच्या डबीवर कोणाचा आवाज आहे ते नोंदवावे आणि एकाची वस्तू दुसरीपासून वेगळी करू नये. डिक्सन यांच्या नळकांडीला तिचे चित्र पुन्हा मिळाले ते कोणीतरी केव्हातरी दोन शब्दांची नोंद करून ठेवली म्हणून. तेवढे काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे, आणि ते आजच करण्यासारखे आहे.