यवन, हबशी, कागदी : जुन्नरचा न शिकवलेला धडा

पिंपरी पेंढार हे ओतूर-आळेफाटा रस्त्यावरचे गाव, तालुका जुन्नर. इथल्या मुस्लिम घरातली मुले इतिहास घेऊन बी.ए. होतात, तेव्हा आपल्याच तालुक्यातील आपल्या माणसांविषयी काय शिकतात? फार तर परीक्षेपुरता एखादा परिच्छेद. मग 'तुम्ही बाहेरचे' असे कुणी म्हटले की ती गप्प बसतात. आम्हांला चिंता वाटते ती या गप्प बसण्याची.

वास्तविक उत्तर जुन्नरच्या दगडावरच कोरलेले आहे. बखरकारांनी मुसलमानांना 'यवन' म्हटले. पण जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे यवनांचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. हे यवन म्हणजे ग्रीक. इस्लामचा उदय त्यानंतर काही शतकांनी झाला. या भूमीत 'यवन' शब्दाची जुनी ओळख शत्रूची नव्हे, दात्याची आहे.

१४९० साली मलिक अहमदने जुन्नरला निजामशाही उभी केली. त्याचे वडील मूळचे ब्राह्मण, असे फिरिश्ता लिहितो. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याने १६०७ मध्ये राजधानी जुन्नरला आणली. मालोजी आणि शहाजीराजे भोसले याच निजामशाहीचे सरदार होते. पुढे जुन्नरच्या कागदी मुसलमानांनी बनवलेल्या कागदावर मराठी दफ्तरे लिहिली गेली.

आपल्या समाजाचा अभ्यास हा पदवीचा विषय व्हावा, यासाठी इतरत्र विद्यार्थ्यांना लढावे लागले. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर वंशांच्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर १९६८ पासून सुमारे पाच महिने संप केला. १९६९ मध्ये तिथे 'एथ्निक स्टडीज'ची, म्हणजे वंश-समाजांच्या अभ्यासाची, स्वतंत्र शाखा निघाली. त्याच्या अर्धशतक आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया या खासगी विद्यापीठात उच्च शिक्षण घेणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहायचे, त्यांच्यातलाच एक जण लिहू लागला होता. मात्र ते तिथवर पोहोचले बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर.

आज आपल्याकडील काही खासगी विद्यापीठांत असे विषय पदवीलाच घेता येतात. पण तिथली फी साध्या शेतकरी-कारागीर घराला पेलत नाही. म्हणून समाजातील जाणत्यांना आमचे सांगणे आहे, शिष्यवृत्त्या डॉक्टर-इंजिनिअरपुरत्या ठेवू नका; एखादी इतिहास शिकणाऱ्या मुलीला द्या. आणि विद्यार्थ्यांनो, विद्यापीठाची वाट पाहू नका. घरातल्या पेटीतील सनदा, वंशावळी, फारसी-मोडी कागद रद्दीत जाऊ देऊ नका. मोडी शिका, वृद्धांकडून ऐकून लिहून ठेवा. ती लिपी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही.