नावेतून नेलेली जमीन: प्रशांत महासागरातील बेटांवरील आद्य वसाहती

न्यू गिनी आणि लगतच्या बिस्मार्क बेटांवर मानवी वस्ती किमान चाळीस हजार वर्षांची आहे. सॉलोमन द्वीपमालिकेच्या पूर्वेकडील बेटांवर मात्र माणूस पोहोचला तो अवघ्या तीन हजार वर्षांपूर्वी. एवढ्या दीर्घ विलंबाचे एक कारण अर्थातच अंतर. पण समुद्र ओलांडणे ही अर्धीच अडचण होती. दूरच्या बेटांवर मासे, कासवे आणि समुद्रपक्षी विपुल असले तरी पोटभर पिष्टमय अन्न देणाऱ्या वनस्पती क्वचितच होत्या आणि वटवाघळांखेरीज जमिनीवर सस्तन प्राणी नव्हते. शिकार संपली की उपासमार अटळ होती.

हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांना पुरातत्त्वज्ञ ‘लापिता’ लोक म्हणतात. न्यू कॅलेडोनियातील लापिता येथे १९५२ साली झालेल्या उत्खननात बारीक दातेरी ठशांनी नक्षी केलेली त्यांची मातीची भांडी सापडली, त्यावरून हे नाव पडले. वानुआतूमधील तेओमा येथील त्यांची दफनभूमी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. तेथील सांगाड्यांच्या जनुकीय अभ्यासातून २०१६ साली स्पष्ट झाले, की त्यांचे पूर्वज तैवान आणि फिलिपिन्सच्या दिशेने आले होते. तेओमा येथे पुरलेल्या प्रौढांच्या कवट्या नंतर काढून घेतलेल्या आढळतात. नव्या भूमीत आलेल्या या लोकांनी आपल्या मृतांशी असलेले नाते मातीआड जाऊ दिले नाही.

कोकणात उलांडी म्हणून ओळखला जाणारा समतोलाचा ओंडका त्यांच्या होड्यांनाही होता. लांबच्या प्रवासासाठी पुढे जोडनावा आल्या. या नावांतून अळू, कोनफळ, केळी, नीरफणस, ऊस, हळद आणि कापडासाठी कागदी तुती अशी रोपे जात. ही यादी कोकणातील एखाद्या परसबागेची वाटावी अशीच आहे. सोबत डुक्कर, कुत्रा, कोंबडी आणि उंदीरही असत. यांतील बहुतेक पिके बियांनी नव्हे तर कंद, फुटवे आणि कांडी लावून वाढतात. खाऱ्या तुषारांपासून ती अनेक दिवस जिवंत ठेवणे हे दिशा ओळखण्याइतकेच कौशल्याचे काम होते, पण त्याचे कौतुक क्वचितच होते.

टोंगा आणि सामोआपर्यंतचा टप्पा सुमारे २८०० वर्षांपूर्वी पूर्ण झाला. त्यानंतर दीड हजार वर्षांहून अधिक काळ पूर्वेकडील प्रवास थांबला. या खंडाच्या कारणांवर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पुढे साधारण इ.स. १००० ते १३०० या अल्पावधीत ताहिती, हवाई, रापा नुई आणि न्यूझीलंड ही सर्व बेटे वसली.

न्यूझीलंडमध्ये मात्र नावेतील शिदोरी अपुरी पडली. तेथील थंडीत नारळ आणि नीरफणस रुजले नाहीत. कागदी तुती उत्तरेत कशीबशी तग धरून राहिली. वस्त्रांसाठी माओरींनी हाराकेके या स्थानिक वनस्पतीचे तंतू वापरात आणले. मूळचे दक्षिण अमेरिकेचे असलेले रताळे त्यांनी वाळू व खडी मिसळलेल्या उबदार मातीत वाढवले आणि हिवाळ्यासाठी जमिनीतील कोठारांत साठवले. ज्या दक्षिण भागात रताळेही येईना, तिथे शेती सोडून शिकार, मासेमारी आणि नेच्याची कंदमुळे यांवर जगणे आले. मोआ या न उडणाऱ्या महाकाय पक्ष्यांच्या नऊ जाती माणूस आल्यानंतर सुमारे दीड-दोनशे वर्षांत नामशेष झाल्या.

टिकोपियाची कथा वेगळी आहे. सॉलोमन बेटांच्या पूर्व टोकाचे हे बेट जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. इ.स.पूर्व ९०० च्या सुमारास आलेल्या रहिवाशांनी प्रथम तेच केले जे इतरांनी केले: जंगल जाळले, पक्षी मारले, शिंपले ओरबाडले. उत्खननाच्या वरच्या थरांत त्यांची हाडे व कवचे घटत जातात. पुढे मात्र शेतीची जागा बहुमजली वृक्षबागांनी घेतली. वर नारळ व नीरफणस आणि त्यांच्या सावलीत कंदपिके, अशी रचना बेटभर पसरली. नीरफणस खड्ड्यांत आंबवून ‘मासी’ म्हणून वादळी वर्षांसाठी राखला जाऊ लागला. बागा उकरणारी डुकरे इ.स. १६०० च्या सुमारास बेटावरून पूर्णतः नाहीशी करण्यात आली. प्रतिष्ठेचा आणि मेजवानीचा हा प्राणी सोडून देणे सोपे नव्हते.

या समतोलाची किंमतही होती. १९२८-२९ मध्ये तेथे राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याच्या रूढींची नोंद केली आहे. त्यांत धाकट्या भावांनी अविवाहित राहणे आणि प्रसंगी नवजात अर्भकाचा अंत करणे यांचाही समावेश होतो. तेव्हा बेटावर सुमारे तेराशे लोक होते. डिसेंबर २००२ मध्ये ‘झोई’ या भीषण चक्रीवादळाने घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या, पण एकही बळी गेला नाही. रहिवासी वेळेत कडेकपारींच्या आश्रयाला गेले होते.

प्रवाळद्वीपांवर तर माती आणि नदी दोन्ही नाहीत. पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. लक्षद्वीपमधील विहिरीही याच थरावर अवलंबून आहेत. किरिबाती आणि तुवालू येथील लोकांनी या थरापर्यंत खड्डे खणले, त्यांत पालापाचोळा कुजवून माती तयार केली आणि दलदलीतील थोराड अळू लावला. समुद्राची पातळी वाढू लागल्याने आज हेच खड्डे खारे होत आहेत.

रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेट, आपल्याच हाताने नष्ट झाल्याची लोकप्रिय कथा आता टिकत नाही. तेथील ताडवृक्ष गेले हे खरे. पण रहिवाशांनी दगडांचे आच्छादन घालून शेतीतील ओल टिकवली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात युरोपीय आगमनापूर्वी लोकसंख्या कोसळल्याचा पुरावा मिळाला नाही. खरा घाव १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी आणि त्यामागून आलेल्या रोगांनी घातला. १८७७ साली बेटावर १११ माणसे उरली होती.

काही बेटे मात्र खरोखरच ओस पडली. हेंडरसनवर हत्यारांयोग्य दगड नव्हता. पिटकेर्न आणि मांगारेव्हा येथून तो येणे थांबल्यावर तेथील लोकांनी शिंपल्यांच्या कुऱ्हाडी घडवल्या, पण वस्ती टिकली नाही. पिटकेर्नचेही तेच झाले. १७९० मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरील बंडखोर तेथे उतरले तेव्हा त्यांना देवस्थानांचे चौथरे, दगडी हत्यारे आणि नीरफणसाची झाडे आढळली. माणूस मात्र एकही नव्हता.