काळा पडलेला प्लग : टू-स्ट्रोक मोटोक्रॉसच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

थ्रेड : १९६६ साली पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीड्रिक्सने चेकोस्लोव्हाकियातील सीझेड मोटारसायकलवर मोटोक्रॉसचे ५०० सीसी विश्वविजेतेपद पटकावले. या गटात टू-स्ट्रोक इंजिनाला मिळालेले हे पहिलेच विश्वविजेतेपद. आधीची दोन्ही वर्षे ते बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर स्वार झालेल्या जेफ स्मिथकडे होते. फ्रीड्रिक्सने पुढील दोन वर्षे किताब राखला आणि चिखलमातीच्या शर्यतींतून अवजड फोर-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या.

या स्थित्यंतराचे श्रेय हलक्या वजनाला आणि फुगीर पोटाच्या एक्झॉस्टला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच इंजिनांच्या माथ्यावर बसलेल्या बोटभर लांबीच्या स्पार्क प्लगने स्वारांना किती छळले, हे विजेत्यांच्या यादीवरून कळत नाही.

दोष इंजिनाच्या रचनेतच होता. फोर-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल ज्वलनापासून दूर राहते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर चढते. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि ते जळतेही तिथेच. त्या काळी वीस भाग पेट्रोलला एक भाग तेल हे प्रमाण सर्रास चाले. शर्यतीसाठी अनेकांची पसंती एरंडेलाला असे. (होय, आजीच्या फडताळातले तेच एरंडेल!) ते भयंकर उष्णतेतही वंगण पुरवते, पण जळताना चिकट राळ मागे ठेवते.

प्लगच्या चिनी मातीच्या टोकाचे तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिले, तर त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. ८५० अंशांच्या आसपास मात्र तेच टोक निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवते आणि पिस्टन वितळण्याचा धोका उभा राहतो. मोटोक्रॉसचा स्वार या दोन्ही टोकांमध्ये सापडलेला. प्रारंभरेषेवर इंजिन रेंगाळते तेव्हा प्लग थंड. फाटक पडताच पूर्ण एक्सलेटर. म्हणून इंजिन ‘गरम’ प्लगवर तापवायचे आणि शर्यतीपूर्वी ‘थंड’ प्लग बसवायचा, अशी रीत पडली. त्यातही गोंधळ असा की जपानी एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे अधिक थंड, तर अमेरिकी चॅम्पियनवर मोठा आकडा म्हणजे अधिक गरम.

खरी मेख विजेच्या बाजूला होती. कार्बन विद्युत्वाहक आहे. पॉइंट आणि कंडेन्सरच्या जुन्या मॅग्नेटोमध्ये व्होल्टेज तुलनेने सावकाश चढते. ठिणगी उडण्याइतके होण्याआधीच ते काजळीच्या थरावरून झिरपून जाते. मेकॅनिकच्या भाषेत प्लग ‘शॉर्ट’ होतो. प्लग काढून हेडला टेकवून किक मारली की छान निळी ठिणगी दिसते, कारण उघड्या हवेत तिला कमी व्होल्टेज पुरते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच ठिणगी उडत नाही. या परीक्षेने कित्येकांची दिशाभूल केली असणार.

उत्तर सीडीआयच्या रूपाने आले. यात कपॅसिटरमध्ये विद्युत्भार साठवून तो क्षणात कॉइलमध्ये सोडला जातो. व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांतच शिखर गाठते आणि काजळीला ते गिळायला वेळच मिळत नाही. १९६९ च्या कावासाकी एच-१ या रस्त्यावरच्या गाडीने ही प्रणाली गाजवली. सत्तरच्या दशकात स्पेनमधील मोटोप्लॅटचे संच युरोपीय मोटोक्रॉस गाड्यांवर दिसू लागले. पॉइंट घासणे, गॅप लावणे संपले.

मात्र निदान सोपे झाले, असे म्हणता येत नाही. पॉइंटचा बिघाड डोळ्यांना दिसे. जळका पॉइंट म्हणजे बहुधा कंडेन्सर गेलेला. सीडीआयमध्ये फ्लायव्हीलमागची कॉइल तापली की करंट सोडते आणि निवली की पुन्हा शहाणी होते. गाडी फेरीच्या मध्यात बंद पडते आणि ढकलत आणून सावलीत ठेवली की पहिल्या किकला सुरू होते.

म्हणून प्लग ‘वाचणे’ ही विद्या टिकली. पूर्ण वेगात इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचे आणि प्लग पाहायचा. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काजळी पेट्रोल जास्त झाल्याचे किंवा एअर फिल्टर तुंबल्याचे सांगते. पांढरा पडलेला प्लग बहुधा हवा कुठून तरी चोरून आत येत असल्याची खूण, आणि ही सर्वांत घातक. ओला, तेलकट काळा प्लग पाहून मिश्रणातले तेल कमी करण्याचा मोह होतो; पण क्रँकचे गिअरबॉक्सकडील सील फाटले असेल, तर इंजिन गिअरचे तेल ओढत असते. अशा वेळी मिश्रणातले तेल घटवणे म्हणजे रोग एकीकडे आणि उपाय दुसरीकडे.

आकुर्डीच्या टू-स्ट्रोक स्कूटरवर वाढलेल्या महाराष्ट्रातील पिढीला हे ओळखीचे वाटेल. डिकीत जादा प्लग आणि पॉलिशपेपरचा तुकडा असेच. तिथेही घासलेला प्लग आठवड्यात पुन्हा काळा पडला, की चूक बहुधा दुसरीकडेच असे.

१९९७ साली डग हेन्रीने लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर जिंकली आणि पारडे पुन्हा फिरले. टू-स्ट्रोक मात्र संपली नाही. २०१७ मध्ये केटीएमने इंधन फवारणारी एन्ड्युरो टू-स्ट्रोक गाडी आणली. तिच्यात तेलाची टाकी वेगळी असून ते किती सोडायचे हे इलेक्ट्रॉनिक पंप ठरवतो. कार्ब्युरेटरवाल्यांच्या कमरेच्या पिशवीत अजूनही एक नवा प्लग आणि पाना असतो.