चुकलेले सर्पिल

स्वित्झर्लंडमधील बाझल शहराच्या जुन्या चर्चमध्ये गणिती याकोब बर्नुली यांची स्मृतिशिला आहे. तिच्या तळाशी एक सर्पिल कोरलेले आहे आणि सोबत एक लॅटिन वाक्य. त्याचा अर्थ असा: 'बदललो तरी तोच मी पुन्हा उठतो.' बर्नुली १७०५ साली निवर्तले. ज्या वक्राने त्यांना झपाटले होते, तो आपल्या शिळेवर असावा ही त्यांची इच्छा. पाथरवटाने सर्पिल कोरले खरे, पण भलतेच!

सर्पिले अनेक प्रकारची असतात. सर्वांत साधे आर्किमिडीजचे, इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याने यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. एकसारख्या गतीने फिरणाऱ्या काट्यावरून एखादी मुंगी केंद्राकडून टोकाकडे एकसारख्या वेगाने चालली, तर तिचा मार्ग असा होईल. दर फेऱ्याला केंद्रापासूनचे अंतर सारखेच वाढते, म्हणून वेढ्यांमधली फटही सारखी. डास पळवणारी कॉइल आठवा, किंवा सफाईने पाडलेली चकली.

बर्नुलींचे सर्पिल निराळे. देकार्तने ते १६३८ मध्ये वर्णिले होते. त्यात दर फेऱ्याला अंतर ठराविक पटीने वाढते. उदाहरणार्थ १, ३, ९, २७. केंद्रातून निघणारी रेषा या वक्राला कोठेही छेदो, कोन तोच राहतो. नॉटिलसच्या शंखाचा छेद साधारण असाच दिसतो, कारण प्राणी वाढतो तरी शंखाची घडण तीच राहते. हे सर्पिल कितीही मोठे केले तरी ते नुसते फिरवल्यासारखे होते. त्या लॅटिन वाक्याचे मर्म हेच. शिळेवरचे, सारख्या फटींचे सर्पिल मोठे केले की फटी रुंदावतात. म्हणजे ज्या वक्राशेजारी ते वाक्य कोरले, त्यालाच ते लागू पडत नाही!

पाथरवटाला हसण्यापूर्वी आपण आपली भाषा तपासू. वहीच्या तारेला आपण 'स्पायरल' म्हणतो. पण ती तार केंद्रापासून दूर जातच नाही. अक्षापासून तेच अंतर राखून पुढे सरकते. ते मळसूत्र, स्क्रूच्या आट्यांसारखे. १९५३ मध्ये उलगडलेली डीएनएची रचनाही दुहेरी मळसूत्रच.

वर्गात चकली, स्क्रू आणि शंख ठेवून पाहा. मुलांच्या हाती पट्टी द्या आणि नावे मात्र मोजमापानंतरच सांगा.