मुक्त शैक्षणिक संसाधने : उगम, वाटचाल आणि अध्यापक-विद्यार्थ्यांना झालेला लाभ

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक विद्यापीठे आपले अभ्यासक्रम इंटरनेटवरून विकण्याच्या प्रयत्नात होती. अशा काळात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने एप्रिल २००१ मध्ये नेमका उलट निर्णय जाहीर केला. व्याख्यानांची टिपणे, स्वाध्याय व प्रश्नपत्रिका जगासाठी विनामूल्य खुल्या करण्याचा हा निर्णय होता. संस्थेने पदवी मात्र खुली केली नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. जुलै २००२ मध्ये पॅरिस येथे युनेस्कोने भरविलेल्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा स्वीकारण्यात आली.

येथे मोफत आणि मुक्त यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक ठरते. मोफत साहित्य केवळ वाचता येते. मुक्त साहित्याचे भाषांतर, फेरबदल व पुनर्वितरण करण्याची परवानगी कर्त्याने आधीच दिलेली असते. डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले आणि या परवानगीला कायदेशीर रूप मिळाले. उपरोक्त संस्थेचे अभ्यासक्रम चिनी व स्पॅनिश भाषांत गेले ते या परवानगीमुळेच.

भारतात २००३ साली सात आय.आय.टी. आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम सुरू केला. महागडे संदर्भग्रंथ परवडत नसलेल्या विद्यार्थ्याला न समजलेले व्याख्यान पुनःपुन्हा ऐकता येऊ लागले. अध्यापकाचा लाभ त्याहून सूक्ष्म आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात एखादा विषय एकट्याने शिकविणाऱ्यास तोच घटक अन्यत्र कसा मांडला जातो, त्यावर कोणते प्रश्न विचारले जातात, हे पाहण्याची सोय पूर्वी क्वचितच होती.

तथापि हे साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढील खरी अडचण किमतीची नसून भाषेची होती. एन.पी.टी.ई.एल.ची काही व्याख्याने अलीकडे मराठीतही आणण्यात आली आहेत. परंतु परिभाषा जड झाली की विद्यार्थी पुन्हा इंग्रजीकडेच वळतो. वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर वाचावयास मिळतो. १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा घडविलेली परिभाषा या भाषांतरकारांच्या हाताशी आहे. युनेस्कोच्या नोव्हेंबर २०१९ मधील शिफारशीतही स्थानिक भाषांतील रूपांतरावर भर आहे. ते करणाऱ्या अध्यापकाच्या श्रमाची मोजदाद पदोन्नतीच्या वेळी कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रश्न मात्र महाविद्यालयांना स्वतःच सोडवावा लागेल.