कुंडीतली भर

ऑर्किडला कुंडीत काय भरावे, असे रोपवाटिकेत विचारले की उत्तर एका दमात येते: कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणे, वर हवे तर थोडे मॉस. पाठोपाठ खताची पुडी हातात पडते, तिच्यावर तीन आकडे: नायट्रोजन, स्फुरद आणि पालाशचे. या यादीतली एकेक वस्तू कुठून आली ते पाहू गेले तर गंमत वाटते. यातली एकही ऑर्किडसाठी म्हणून कुणी शोधून काढलेली नाही. ज्या काळी, ज्या मुलखात जो माल टाकाऊ म्हणून पडून होता तो बागवानांनी कुंडीत भरला आणि त्या मालातली खोड भरून काढायला खत बसवले. माझे म्हणणे असे, की खताचे आकडे झाडापेक्षा भरीवरून ठरत आले आहेत, आणि भर सोडून नुसते आकडे उचलले की घोटाळा होतो.

गोष्ट सुरू होते लंडनजवळच्या हॅकनीत. तिथल्या लॉडिजेस यांच्या रोपवाटिकेने 1812 च्या सुमारास विक्रीसाठी ऑर्किड वाढवायला घेतली. भर होती कुजके लाकूड, शेवाळ आणि किंचित वाळू. ही भर तशी वाईट नव्हती. वाईट होता तो भोवतालचा थाट. काचघर विटांच्या धुराड्यांनी जमेल तितके तापवायचे, मधोमध चामडे कमावून उरलेल्या ओकच्या सालीचा वाफा करायचा आणि त्यावर सतत पाणी मारायचे. साल आंबे, तिची ऊब आणि वाफ घरभर कोंडून राही. वारा आत घ्यायची सोय नाही. उष्ण कटिबंध म्हणजे कोंदट, अंधारे रान ही समजूत इतकी पक्की होती की जॉन लिंडलीसारख्या जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही 1830 साली दाट सावली, भरपूर ओल आणि कडक उष्णता असाच सल्ला दिला. त्यातच फांद्यांवरची ही झाडे बांडगुळे असावीत, असाही समज होता. बांडगूळ फांदीत मूळ घुसवून रस ओढते. ऑर्किड फांदीला नुसते धरून असते, हा फरक डोळ्यांनी दिसतो, पण तो पाहायला झाड फांदीवर असावे लागते. इंग्लंडात ते पोचे खोक्यातून. खोकी येत राहिली, झाडे मरत राहिली.

वेगळी वाट दाखवणारे लोक होते. जोसेफ बँक्स यांनी 1817 च्या सुमारास आयलवर्थच्या बागेत काटक्यांच्या हलक्या टोपल्या टांगल्या, त्यांत थोडीशी पानांची माती आणि विरळ शेवाळ एवढ्यावर ऑर्किड जगवून दाखवली. पण कोड्याचा उलगडा झाला तो आपल्याकडच्या डोंगरांत. चॅट्सवर्थचे प्रमुख बागवान जोसेफ पॅक्स्टन यांच्या हाताखालचा जॉन गिब्सन 1835 मध्ये हिंदुस्थानात आला आणि खासी टेकड्यांतून ऑर्किडचा मोठा साठा घेऊन 1837 मध्ये परतला. त्याने तिथे पाहिलेल्या हवेला धरून चॅट्सवर्थला पॅक्स्टन काचघरात वारा खेळता ठेवत, ओलाव्यासाठी जमिनीवर पाणी शिंपत आणि उष्णता बेताची ठेवत. 1850 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर त्याच खासी मुलखात गेले. निळी व्हँडा ही ऑर्किड त्यांना दिसली ती उघड्या गवताळ टेकडीवर, विरळ पानांच्या खुरट्या ओकवर, ऊन आणि वारा अंगावर घेत. विलायतेत हीच जात दमट उकाड्यात कोंडतात, ही विसंगती त्यांनी नोंदवून ठेवली. सात माणसांची ओझी भरून त्यांनी ती झाडे लंडनजवळच्या केव उद्यानाला धाडली; त्यांतली फार थोडी जिवंत पोचली.

व्हँडाचे एक मूळ हातात घेऊन पाहिले की हूकर यांची नोंद कळते. कोरडे असताना ते चांदीसारखे पांढरट असते. पाणी टाकले की पाहता पाहता हिरवे होते. वरचे आवरण मेलेल्या, पोकळ पेशींचे. टिपकागदासारखे ते पाणी झटकन शोषते आणि ते भरले की आतला हिरवा थर दिसू लागतो. हे आवरण दिवसचे दिवस भिजलेले राहिले तर आतल्या जिवंत भागाला हवा मिळत नाही आणि मूळ कुजते. म्हणजे भरीकडून मागणे दोनच: मुळाला आधार द्यावा आणि भिजून पुन्हा सुकावे. हे ज्याच्याने होईल तो माल चालतो. म्हणून तर इतके वेगवेगळे माल चालून गेले.

युरोप-अमेरिकेत त्यांतला सगळ्यात मानाचा ठरला ऑस्मंडा नेच्याच्या केसाळ मुळांचा गुंता. हा सावकाश कुजे आणि कुजताना थोडे थोडे नायट्रोजन सोडे, त्यामुळे वेगळे खत फारसे लागत नसे. मात्र तो कुंडीत काठीने ठासून बसवायचा म्हणजे कसबी हाताचे काम. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तो महाग आणि दुर्मीळ झाला, मजुरीही वाढली. 1950 नंतर कॅलिफोर्नियात फर झाडाच्या सालीचे तुकडे पुढे आले. लाकूड गिरण्यांतून त्यांचे ढीग पडलेलेच होते. ते नुसते ओतले की कुंडी भरली. पण साल कुजवणारे जिवाणू आणि बुरश्या स्वतःसाठी नायट्रोजन ओढतात आणि झाड उपाशी राहते. त्यावर उतारा म्हणून तिप्पट नायट्रोजनचे 30-10-10 खत रूढ झाले. ज्या सालीच्या आंबण्याने हॅकनीचे काचघर तापवले जाई, तिचीच बहीण सव्वाशेहून अधिक वर्षांनी कुंडीच्या आत येऊन बसली. कुजण्याचा हिशेब आता खताच्या पुडीत मांडावा लागला.

कुणी म्हणेल, यात शास्त्राची प्रगती नाही का? आहे, पण ती भर निवडण्यात कमी आणि निवडलेली भर समजून घेण्यात जास्त. ऑस्मंडा झाडाला सालीपेक्षा कमी मानवत होता म्हणून मागे पडला नाही. खर्च परवडेना म्हणून पडला. वृक्षनेच्याच्या खोडाचे तुकडेही उत्तम चालत, पण त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. आणि भरीशी नाते नसलेल्या टॉनिकांचे काय होते, हे ‘बी-वन’ जीवनसत्त्वाने दाखवले. 1930 च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियातले वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स बॉनर यांना दिसले, की झाडापासून तोडून बाटलीत वाढवलेल्या मुळांना हे जीवनसत्त्व लागते. बागवानांत त्यासाठी एकच झुंबड उडाली. पुढे उमगले की अख्खे झाड आपल्या पानांत ते स्वतःच बनवते आणि वरून घातलेल्याने फरक पडत नाही. बॉनर यांनीही ते मान्य केले. बाटल्या मात्र आजही खपतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे सोडणांवर डेंड्रोबियम घेणारे शेतकरी 30-10-10 वापरतात आणि झाडे छान फोफावतात. मग चुकले कुठे? सोडणही कुजते, तेही थोडे नायट्रोजन खाते, त्यामुळे तिथे या आकड्यांना काही आधार आहे. कोळसा आणि विटा कुजत नाहीत. तिथे तो आधार उरत नाही आणि जादा नायट्रोजनने पाने माजतात, फूल लांबते. सोडणाची खरी खोड निराळीच आहे. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि ते निघाले की रिकाम्या झालेल्या जागी खतातले कॅल्शियम-मॅग्नेशियम अडकून बसते. म्हणून सोडणे आधी पाण्यात घालून, चहासारखे तपकिरी झालेले पाणी पुन्हा पुन्हा बदलून मग वापरायची आणि पूरक द्यायचेच तर कॅल्शियम-मॅग्नेशियम द्यायचे. मॉसचा हिशेब आणखी वेगळा: तैवानातली फॅलेनॉप्सिसची शेती त्याच्यावर चालते, पण तिथे पाणी मोजून देतात. कोकणात जूनपासून चार महिने आभाळ पाणी देते आणि ते मोजून देत नाही.

कोकणात सोडणे आजवर न्हाणीच्या चुलीत जात, पाणी तापवायला. ज्या घरात गॅसचा बंब आला तिथे ती माडाच्या बुंध्याशी रचलेली दिसतात, आणि पॉलिहाउसवाला ती टेम्पोत भरून नेतो.